हिरड्याखालची हजेरी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी आठ-नऊ आठवडे मास्तर होतो. एवढ्याशा अनुभवावर लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. वसतिगृहातल्या मित्रांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, लिहून काढ. म्हणून लिहितो आहे. जिथं आठवण पक्की नाही तिथं तसं सांगेन.

माझे वडील रेल्वेत आहेत. लोणावळ्याच्या पुढं घाटात लाईनीवर काम करणारी जी गँग असते, तीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. परीक्षा संपवून पुण्याहून घरी आलो त्याच आठवड्यात कोणीतरी सांगत आलं की आंदर मावळातल्या एका वाडीचे गुरुजी हिवतापानं आजारी पडून आपल्या गावी गेले आहेत आणि पावसाळ्यापर्यंत स्कूल बोर्डाला बदली माणूस हवा आहे. मी हो-नाही करत होतो. तोवर वडिलांनी सगळ्या गँगला सांगून टाकलं होतं की पोरगा मास्तर झाला. मग नाही म्हणायची सोय राहिली नाही.

वडगावला गाडीतून उतरून पायी निघालो तो दुपार कलल्यावर वाडीत पोचलो. शाळा म्हणजे एक रिकामा केलेला गोठा होता. वाडीतले एक वयस्कर शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. तालुक्याला खेटे घालून त्यांनी ही शाळा मिळवली होती आणि जागा नाही असं कळल्यावर स्वतःचे बैल अंगणात बांधून गोठा देऊन टाकला होता. तिकडच्या शाळांना मोठी सुटी आषाढात असते, भातलावणीच्या दिवसांत. म्हणजे चैत्र-वैशाखात शाळा सकाळची असते, पण असते. निदान कागदोपत्री असते.

पहिल्या दिवशी चार मुलं आली. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, आबांची नात, उशिरा शाळेत घातलेली म्हणून दुसरीतली, दहा-अकरा वर्षांची. ती सुद्धा आजोबांनी पाठवली म्हणून आली होती, आणि सारखी दाराबाहेर बघत होती. पटावर सव्वीस नावं होती. हजेरीपटात मी खाली खाली गैरहजेरीचे शून्य काढत गेलो.

त्याच दिवशी गुरुजींच्या ट्रंकेत बोर्डाचं पत्र सापडलं. उन्हाळ्यात रोजची हजेरी विसाच्या आत राहिली तर आषाढापासून ही शाळा बंद करून मुलं नदीपलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत घालावीत, असं त्यात होतं. पत्र मी आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की पावसाळ्यात त्या नदीला म्हशीसुद्धा घालत नाहीत. म्हणजे शाळा नदीपलीकडं गेली की वाडीतल्या मुलांचं शिक्षण तिथंच संपलं, हे त्यांना सांगायचं होतं.

मुलं कुठं आहेत, असं मी विचारलं.

"रानात हायती. हिरडा काय तुमच्या घंटंची वाट बघत न्हाई, मास्तर."

लोणावळ्यात वाढलो तरी हिरडा मला फक्त खोकल्याच्या औषधापुरता माहीत होता. या गावांतून चैत्र-वैशाखात झाडावरचे कोवळे हिरवे हिरडे उतरवतात आणि उन्हात वाळवून व्यापाऱ्याला घालतात. मोठी माणसं काठीनं झोडतात, मुलं हलकी म्हणून फांदीच्या टोकापर्यंत जातात, अगदी लहान असतात ती खाली वेचतात. घरात कोणीच मोकळं नसतं. मी आबांना विचारलं की मुलांना सकाळचे दोन तास सोडता येणार नाहीत का. ते म्हणाले, "म्या गोठा आणून दिला. आता डोंगर बी हितं आणून द्यू व्हय? साळाच न्हेता येती का बघा तिकडं."

ते टोचून बोलले होते की सुचवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी गोठ्याला कुलूप घालून, हजेरीपट आणि सात पाट्या घेऊन, नातीच्या मागं डोंगर चढलो.

पहिला तास कसा घेतला ते आठवलं की अजून हसू येतं. मी झाडाखाली उभा राहून नावं पुकारत होतो आणि उत्तरं वरून येत होती. कुठल्या फांदीतून कोण बोललं ते दिसत नव्हतं. एका नावाला तीन झाडांतून हजर आलं, तेव्हा मी सांगितलं की ज्याचं नाव त्यानं फांदी हलवायची. मग नाव पुकारलं की एक फांदी हलायची आणि चार हिरडे माझ्या टोपीवर पडायचे. त्या दिवशी बावीस मुलं भरली. शेऱ्याच्या रकान्यात मी 'वर्ग रानात' असं लिहिलं. हे नियमात बसतं का, याची मला खात्री नव्हती. पण खोटं नव्हतं.

एकदा तिथं गेल्यावर मात्र दिवस कसे पळाले ते कळलं नाही. मी शिकवायला गेलो होतो, पण रोज सकाळी मलाच काहीतरी नवं दिसायचं. लाल मुंग्यांनी हिरवी पानं एकमेकांना शिवून केलेलं घर मी पहिल्यांदा तिथं बघितलं आणि उत्साहात हात लावला. मुलांनी मला थांबवलं नाही. नंतर पोट धरून हसली. एका मोठ्या उंबराच्या फांदीवर शेकरूचं काटक्यांचं घर होतं, कावळ्याच्या घरट्याच्या दुप्पट. मी वहीत टिपून घेत होतो आणि मुलांना कळत नव्हतं की जे सगळ्यांना माहीत आहे ते मास्तर लिहून का ठेवतात.

अंकगणितासाठी आम्ही बिया जमवल्या. गुंज म्हणजे एकं, चिंचोका म्हणजे दहं आणि सागरगोटा म्हणजे शतं. दहा गुंजा दिल्या की एक चिंचोका घ्यायचा. फळ्यावर ज्यांना हातचा कळत नव्हता त्यांना दोन दिवसांत कळला. एक दिवस बेरीज काही केल्या जुळेना. मी तीनदा मोजलं. शेवटी नातीनं सांगितलं, "मास्तर, ह्येनं धा खाल्लं." पहिलीतल्या एकानं चिंचोका भाजून चघळला होता. त्यानंतर चिंचोके मीच कनवटीला ठेवू लागलो.

खरी अडचण लिहिण्याची होती. युरोपातल्या लढाईमुळं कागद मिळत नव्हता. पाट्या सात, त्यांतली एक फुटकी. आणि पाटीवर लिहिलेलं पुसलं की गेलं. उद्या कोणी विचारलं की या मुलांनी महिनाभर काय केलं, तर दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. हे मी मुलांपुढं बोललो असेन, कारण दुसऱ्या दिवशी आबांची नात कुंभ्याचं एक पान घेऊन आली. कुंभ्याचं झाड तिकडं सगळीकडं आहे; चैत्रात त्याला तळहाताहून मोठी, कोवळी, गुळगुळीत पानं फुटतात. तिनं करवंदीचा काटा घेतला आणि पानावर काहीतरी ओढलं. मला काही दिसलं नाही. मी म्हटलं, कोरंच आहे की.

"दम धरा की," ती म्हणाली.

ते पान तिनं माझ्या मांडीवर ठेवलं आणि हिरडे वेचायला गेली. थोड्या वेळानं पाहतो तर पानावर पिवळट रेघा दिसू लागल्या होत्या. मग त्या तपकिरी झाल्या, आणि हजेरी घेऊन होईपर्यंत काळ्या. तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी उठून उभा राहिलो. इतका आनंद मला परीक्षेचा निकाल बघून झाला नव्हता. गुरं राखताना पानांवर रेघोट्या ओढायचा खेळ तिथल्या सगळ्या मुलांना ठाऊक होता. फक्त त्यावर अक्षरं लिहावीत असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून शुद्धलेखन पानांवर. प्रत्येकानं रोज एक पान लिहायचं, देठाजवळ नाव घालायचं, आणि मी ती पानं खाली आणून दगडाखाली दाबून वाळवायची. गोठ्याच्या कोपऱ्यात आबांनी दिलेलं एक मोठं बांबूचं डालगं होतं, त्यात वाळलेली पानं रचून ठेवू लागलो. वैशाख निम्मा झाला तेव्हा डालगं काठोकाठ भरलं होतं. पहिल्या आठवड्यातल्या पानांवरची अक्षरं आडवीतिडवी होती, शेवटच्या पानांवर ओळ धरून चालत होती. संध्याकाळी मी उगाच ती पानं चाळत बसायचो.

आणखी एक शोध सांगायचा आहे. वरच्या अंगाला एक जुनं झाड होतं. त्याच्या खोडात माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावर एक ढोली होती आणि ढोलीचं तोंड मातीनं लिंपून टाकल्यासारखं बंद होतं. फक्त बोटभर फट होती. मुलं म्हणाली, आत बाई आहे. मला चेष्टा वाटली. पण थोडा वेळ झुडपामागं बसलो तर मोठ्या वाकड्या चोचीचा एक करडा पक्षी आला, फटीतून आतली चोच बाहेर आली आणि त्यानं घशातून एकेक उंबर काढून तिला भरवलं. मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि पिलं मोठी होईपर्यंत नर तिला पोसतो. पुढं पुण्याच्या वाचनालयात वाचलं की त्याला धनेश म्हणतात. मी तिथंच ठरवलं की रोज एका मुलानं झुडपामागं बसून नर किती खेपा घालतो ते गुंजांनी मोजायचं. त्या कामासाठी भांडणं व्हायची. अट एकच होती, तिथं तोंडातून आवाज काढायचा नाही.

सगळं असं छान चाललेलं असताना बोर्डाचा शिपाई आला. दिपोटी साहेब उद्या शाळा तपासायला येणार आहेत, असा निरोप होता. शिपाई बोलका होता. त्यानं सांगितलं की हिरड्याच्या व्यापाऱ्यानं तालुक्याला बोलून दाखवलं होतं, या शाळेला रोज सकाळी कुलूप असतं. आणि इकडून तर हजेरी बावीस-तेवीस कळवली जाते. साहेबांना ती खोटी वाटते आहे. मग मला कोपऱ्यातलं डालगं आठवलं आणि धीर आला. शेकड्यांनी लिहिलेली पानं होती, नावासकट. मी आबांना म्हटलं, काळजी करू नका, आपल्याकडं पुरावा आहे. त्या संध्याकाळी मी वस्तीवर फिरून मुलांना सकाळी धुतलेले कपडे घालून शाळेत यायला सांगितलं. गोठा झाडून सारवून ठेवायला शेजारच्या मावशींना सांगितलं होतं. एकट्याच होत्या त्या. मला भाकरी त्याच करून घालायच्या.

सकाळी शाळेत गेलो तेव्हा जमीन लख्ख सारवली होती. दाराला आंब्याचा डहाळा होता. कोपऱ्यात डालगं उपडं ठेवलं होतं.

मी आत-बाहेर केलं, मागच्या अंगणात बघितलं. तेवढ्यात मावशी हात पुसत आल्या. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला विचारवेना. त्यांनीच सांगितलं. भाताच्या रोपासाठी त्या बाजूला राब भाजतात. जमिनीच्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचा टाहाळ आणि वाळल्या पानांचा पातेरा पसरून जाळतात, त्या राखेत बी पेरतात. मावशींचा राब पातेऱ्यावाचून अडला होता आणि एकटीनं गोळा करणं त्यांना होत नव्हतं. महिन्याभरापूर्वी भाकरी वाढताना त्या हे बोलल्या होत्या आणि मी 'बघू काहीतरी' म्हणालो होतो. मी ते विसरून गेलो. त्या विसरल्या नव्हत्या. मुलं रोज पानं आणतात आणि मास्तर ती वाळवून रचतात, हे त्या बघत होत्या.

"आईबापानं चांगलं वळण लावलं तुमाला," त्या म्हणाल्या. "पानं किडकीच व्हती, समद्यांवर आळीच्या रेघा. पर राबाला काय हुतंय. झ्याक भाजला."

मी काहीतरी बोललो. बहुतेक 'बरं झालं' म्हणालो. आबा दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं आणि परत घातलं.

साहेब घोड्यावरून आले. उंच, चष्मा लावलेले, फार बोलत नसत. हजेरीपट त्यांनी पानापानानं पाहिला. मग कुलपाबद्दल विचारलं. मी खरं ते सांगितलं, हिरड्याचं, रानातल्या वर्गाचं, पानांचं. ती पानं दाखवा, ते म्हणाले. मी सांगितलं की ती काल राबात जळली. बोलताना माझ्याच कानांना ते इतकं खोटं वाटलं की मी वाक्य पुरं केलं नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि शेरेबुक मागितलं.

तेव्हा आबांची नात उभी राहिली. "सायब, दुसरी आणू का?"

साहेबांनी मान हलवली की नाही मला सांगता येणार नाही. पण तिनं ती हलवली असं धरलं आणि पळाली. तिच्यामागं सगळी शाळा उठून पळाली. एका क्षणात गोठ्यात मी, साहेब आणि आबा एवढेच उरलो.

"ही तुमची शाळा," साहेब म्हणाले.

मुलं परत आली तेव्हा प्रत्येकाच्या हातात कुंभ्याचं पान आणि काटा होता. साहेबांनी स्वतः मजकूर सांगितला. शाळेत आज पाहुणे आले आहेत, ते लांबून आले आहेत, त्यांना तहान लागली आहे, असा काहीसा होता. शेवटच्या वाक्याला पहिलीतला एक जण लिहायचं सोडून उठला आणि त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला. साहेब ते प्यायले. मग त्यांनी पानं गोळा केली आणि एकेक उलटसुलट करून बघितलं. सगळी कोरी.

माझ्या तोंडून नातीचेच शब्द आले. "जरा दम धरा, साहेब."

पानं त्यांनी मांडीवर ठेवली आणि हजेरीपट पुन्हा वाचू लागले. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष पानांकडं गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अक्षरं वर येत होती. काही मुलांचं 'पाहुणे' चुकलं होतं, पण आलं होतं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब. हे मुलांनी मला शिकवलं."

त्यांनी मान डोलावली, पण शेरेबुकात काही लिहिलं नाही. मुलांना लिहिता येतं हे त्यांना मान्य होतं; एवढ्यानं रोजची हजेरी खरी ठरत नाही, असं ते शांतपणे म्हणाले, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री ते आबांकडं उतरले. सकाळी निघणार असं आम्हाला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे रानात गेलो. हजेरी घेऊन मी तिसरं गणित सांगत होतो तेवढ्यात खालच्या वाटेनं साहेब एकटेच चढून येताना दिसले. त्यांनी माझ्याकडून हजेरीपट घेतला, खिशातली पेन्सिल काढली आणि स्वतः नावं पुकारायला सुरुवात केली. मी बाजूला झालो. एक नाव, एक फांदी. साहेबांच्या टोपीवर हिरडे पडत होते, ते झटकत नव्हते. मी ज्यांना गैरहजर मांडलं होतं त्या तिघांच्या नावाला उत्तर आलं नाही. मग एक नाव आलं ज्याला मी सकाळी हजर मांडलं होतं. साहेबांनी ते दोनदा पुकारलं. कुठलीच फांदी हलली नाही.

मुलगा सकाळी समोर होता, मी बघितला होता. मग कुठं गेला? साहेब माझ्याकडं बघत थांबले होते. आणि एकदम मला आठवलं की आज मोजायची पाळी त्याची होती. मी साहेबांना म्हटलं, माझ्यामागून या, आणि कृपा करून बोलू नका.

तो झुडपामागं पालथा पडून होता. पायांचा आवाज आला तशी त्यानं मान वळवली, बोर्डाच्या साहेबाला बघितलं आणि त्याच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मग हातानं खाली बसायची खूण केली. साहेब बसले. गुडघे टेकून, पांढऱ्या विजारीसकट. नर आला. फटीतून चोच बाहेर आली आणि आम्ही चौदा उंबरं मोजली. पक्षी उडून गेला तेव्हा मुलानं एक गुंज मोजलेल्या खेपांच्या ढिगात टाकली आणि हळूच म्हणाला, "हजर."

साहेब हसले. मी त्यांना तेवढं एकदाच हसताना बघितलं.

शेरा त्यांनी तिथंच, बरोबर आणलेलं शेरेबुक दगडावर ठेवून लिहिला. आम्ही सगळे त्यांना पोचवायला खाली वाडीत उतरलो; ते निघून गेल्यावर आबांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. हजेरी समक्ष तपासली, बरोबर आहे. हंगामात वर्ग रानात भरवण्यास हरकत नाही. शुद्धलेखनाकडं लक्ष द्यावं. शाळा आहे त्याच वाडीत चालू ठेवावी. वर्ग बाहेर असताना तो कुठं आहे हे दारावर लिहून ठेवावं.

आबांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "म्हंजी साळा ऱ्हायली?"

"राहिली, आबा."

त्यांनी खळ्यातल्या वाळत टाकलेल्या हिरड्यांत हात घालून उगाच ते खालीवर केले. मग म्हणाले, "मंग दारावरचं त्ये आत्ताच लिवा. उंद्या दुसरा सायब यायचा."

नातीनं फुटकी पाटी आणली. काय लिहायचं यावर बराच वाद झाला, कारण हिरडा संपेल तसं आम्ही झाड बदलत होतो. अखेर तिनं लिहिलं, 'शाळा वर आहे. हाक मारा.' ती पाटी मी कुलपाच्या वर सुतळीनं बांधली आणि आम्ही उरलेली गणितं करायला पुन्हा डोंगर चढलो.